लढाईवर गेलेल्यांची नावे

गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या पाराजवळ कधी कधी एक कोरीव दगड पडलेला असतो. कोणी त्याला शेंदूर फासते, कोणी त्याच्यापुढे नारळ फोडते. जवळ जाऊन नीट पाहा. खालच्या भागात माणसे लढताना दिसतात. मधल्या भागात मेलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन जातात. अगदी वर तो वीर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. या दगडाला वीरगळ म्हणतात. गावासाठी, गावच्या गुरांसाठी लढताना जो मेला, त्याची ती खूण.

आपल्याकडे भामरागड-एटापल्लीच्या जंगलात माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी उभा दगड रोवतात. त्यावर अक्षर नसते. पण तो दगड कोणाचा, हे घरच्यांना ठाऊक असते.

म्हणजे मेलेल्या माणसासाठी दगड उभा करायची रीत आपल्याला नवी नाही. आज आपण अशाच दगडांची माहिती वाचणार आहोत. हे दगड वीरगळाइतके जुने नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या लढाईचे ते दगड आहेत.

अपशिंगे गाव

भद्रावतीहून खूप दूर, सह्याद्रीच्या बाजूला सातारा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला नुसते अपशिंगे म्हणत नाहीत. 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. मिलिटरी म्हणजे फौज. या गावात घरोघर कोणी ना कोणी फौजेत आहे, नाहीतर होता. बाप गेला, मुलगा गेला, मग नातूही गेला.

या गावात एक स्मारक आहे. ते इंग्रज सरकारने उभारले. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मेले. त्यांची ती आठवण.

४६ हा आकडा वाचायला सोपा आहे. चार आणि सहा, झाले. पण जरा थांबा. आपल्या गावातली ४६ घरे मनात आणा. एका गल्लीतून निघा आणि दारे मोजत चला. ४६ दारे होईपर्यंत अर्धे गाव संपते. अशा एकेका दाराआडचा कर्ता मुलगा गेला, तर त्या गावात पेरणी कोणी केली असेल? म्हाताऱ्यांना कोणी पाहिले असेल? ४६ म्हणजे एवढे सगळे आहे.

ही लढाई कसली होती?

१९१४ साली युरोपात मोठी लढाई पेटली. एका बाजूला इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि त्यांचे दोस्त. दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान आणि त्यांचे दोस्त. भांडण त्यांचे होते. पण तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. इंग्रज लढाईत उतरला, म्हणजे हिंदुस्थानही उतरला. आपल्या लोकांना कोणी विचारले नाही.

हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसे समुद्रापार गेली. त्यांतली सुमारे ७४,००० परत आली नाहीत.

बंद पडलेल्या लढाईत ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या. पण पुष्कळ दगडांवर '१९१४ ते १९१९' असे लिहिलेले असते. असे का? तोफा थांबल्या तरी तह व्हायचा होता. तो जून १९१९ मध्ये झाला. तोपर्यंत लढाई कागदावर संपली नव्हती. शिपाईही दूरदेशीच अडकले होते.

मग आपली माणसे गेली कशाला? कोणी पोटासाठी गेला. तेव्हा साध्या शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार होता. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्याचे घर चालत नव्हते, त्याला महिन्याच्या महिन्याला मिळणारे ११ रुपये मोठे वाटत. कोणी घरच्या रिवाजाने गेला. बाप पलटणीत, म्हणून मुलगा पलटणीत. कोणाला गावच्या पाटलाने आणि भरतीवाल्याने मागे लागून नेले.

काही जणांना तर फौजेचे दार बंदच होते. महार जातीचे शिपाई आधी इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. मग इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. लढाईत माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली त्यांची १११ नंबरची पलटण उभी केली. लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडून टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी झाली. तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे. गरज लागली की बोलवायचे, गरज सरली की घरी पाठवायचे, असा तो कारभार होता.

बसऱ्याची वाट

मराठी शिपायांतले पुष्कळ जण मुंबईच्या बंदरातून बोटीत बसले आणि बसऱ्याला उतरले. बसरा आज इराक देशात आहे. तेव्हा तो मुलूख तुर्कांच्या ताब्यात होता. तिकडे उन्हाळा आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यासारखाच, अंगाची लाही करणारा. पावसाळ्यात नदीला पूर, सगळीकडे चिखल. गोळीने माणसे मेली, तशी हगवणीने आणि तापानेही मेली.

तिथे तैग्रिस नदीच्या काठी कूत नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथे इंग्रजी फौजेला वेढा घातला. आत मराठ्यांच्या १०३, ११०, ११७ नंबरच्या पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. दाणागोटा संपत आला. घोडे आणि खेचरे मारून खायची पाळी आली. धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपाई ते मांस खाईनात. ते आणखी अशक्त झाले. २९ एप्रिल १९१६ ला फौजेने हत्यार खाली ठेवले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेले. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

घरी काय कळत होते? फार थोडे. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. ज्याला येई त्याच्याकडून ते पत्र लिहवून घेत. ते पत्र आधी सरकारी माणूस वाचत असे. मग ते गावी पोचे. घरी ते वाचणारे कोणी नसे. आई ते पदरात बांधून मास्तरांकडे, नाहीतर कुलकर्ण्यांकडे जाई. मुलाने आईला काय लिहिले, हे चार परक्यांना आधी कळे आणि आईला शेवटी कळे. ज्या दिवशी मुलगा मेल्याचा कागद येई, तोही असाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे.

दगडावर काय लिहिले?

लढाई संपल्यावर इंग्रज सरकारने ज्या गावांतून पुष्कळ शिपाई गेले, तिथे दगडी पाट्या बसवल्या. सातारा भागात, कोकणात आणि देशाच्या इतर भागांत अशा पाट्या अजून दिसतात. शाळेच्या, चावडीच्या, नाहीतर देवळाच्या भिंतीत त्या असतात. मजकूर साधारण असा: या गावातून मोठ्या लढाईत इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.

मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असे. ज्यांची माणसे मेली, त्यांना तो वाचता येत नसे. आणि बहुतेक पाट्यांवर नुसता आकडा असे. नाव नसे.

मग त्या माणसांची नावे कुठे लिहिली गेली? ती दूर दूर लिहिली गेली.

दिल्लीला मोठी दगडी कमान आहे. तिला इंडिया गेट म्हणतात. तिचा पाया १९२१ साली घातला आणि १९३१ साली ती खुली झाली. तिच्या दगडांवर १३,००० हून जास्त नावे कोरली आहेत. पण पहिल्या महायुद्धात आणि त्याच्या आगेमागे मिळून मेलेल्यांची संख्या आहे ७४,००० च्या वर. म्हणजे पुष्कळ जण तिथेही राहून गेले.

मुंबईला मस्जिद बंदरजवळ खलाशांचे वसतिगृह आहे. तिथे पहिल्या महायुद्धात बोटींसह बुडालेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचे स्मारक आहे. त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही.

फ्रान्स देशात नव शापेल नावाचे गाव आहे. तिथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक झाले. त्यावर फ्रान्स-बेल्जमच्या भूमीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर नाही, अशा ४,७०० हून जास्त हिंदी शिपायांची आणि मजुरांची नावे आहेत. एकेकाचे वेगळे नाव.

आता बसऱ्याकडे या. तिथल्या स्मारकावर ४०,००० हून जास्त मेलेल्यांची नोंद आहे. साहेब लोकांची नावे कोरली. गोऱ्या शिपायांचीही नावे कोरली. हिंदी शिपायांची पाळी आली, तेव्हा मात्र पलटणीचे नाव घातले, अधिकाऱ्यांची नावे घातली आणि पुढे लिहिले, आणखी इतके हिंदी शिपाई.

एकच लढाई, एकच सरकार. स्मारके बांधणारी मंडळीही एकच. १९१७ साली त्यांनी नियम केला होता, की मेलेल्यांत लहानमोठा भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये तो नियम पाळला. बसऱ्यात पाळला नाही. गोऱ्या शिपायाला त्याचे नाव मिळाले आणि त्याच्या शेजारी मेलेला आपला माणूस आकड्यात गेला.

ही गोष्ट फार वर्षे कोणी बोलले नाही. मग २०२१ साली त्याच स्मारक-मंडळाने आपल्या जुन्या कामाची चौकशी करून अहवाल काढला. हिंदी आणि आफ्रिकी माणसांवर अन्याय झाला, असे त्यांनी मान्य केले आणि जाहीर माफी मागितली. आता त्या शिपायांची नावे मंडळाच्या संगणकावरच्या यादीत पाहता येतात. कित्येक नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. आकड्यातून माणूस पुन्हा बाहेर आला. पण शंभर वर्षे गेली.

एकाचे नाव राहिले

नाव राहिले तर काय होते, तेही पाहू.

रायगड जिल्ह्यात माणगाव आहे. तिथे तहसील कचेरीपाशी एका जवानाचा पुतळा आहे. त्याचे नाव यशवंत घाडगे. तो त्याच भागातल्या पळसगावचा. दुसऱ्या महायुद्धात तो मराठा पलटणीत नाईक होता. नाईक म्हणजे शिपायांच्या एका लहान तुकडीचा म्होरक्या.

१० जुलै १९४४ चा दिवस. इटली देशात डोंगराळ मुलखात लढाई चालू होती. यशवंताची तुकडी पुढे सरकत होती. एवढ्यात अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे मेले, नाहीतर जखमी होऊन पडले. एकटा यशवंत उभा राहिला. तो मागे फिरला नाही. सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने तोफ आणि ती चालवणारा दोघांना गप्प केले. एकाला गोळीने पाडले. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या. नव्या भरायला वेळ नव्हता. त्याने बंदूक सोट्यासारखी धरली आणि उरलेल्या दोघांना लोळवले. मग लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्याला लागल्या आणि तो तिथेच पडला. वय २२ वर्षे.

त्याला मरणानंतर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी फौजेतले शौर्याचे सर्वांत मोठे पदक ते. त्याचा देह कुठे पुरला की जाळला, याचा पत्ता नाही. पण इटलीत कसिनो येथल्या स्मारकावर त्याचे नाव आहे आणि माणगावात त्याचा पुतळा आहे. बाजाराला आलेले पोर बापाला विचारते, हा कोण? बाप नाव सांगतो. नाव आहे म्हणून पोराला विचारता येते आणि बापाला सांगता येते. नुसत्या आकड्याविषयी पोर काय विचारणार?

दुसऱ्याच्या राज्यासाठी मेले, मग?

कोणी म्हणेल, "अहो, हे लोक तर इंग्रजासाठी लढले. त्यांचे कौतुक कायले करायचे?"

प्रश्न रास्त आहे. राज्य परक्यांचे होते. लढाई परक्यांची होती. ज्या देशाला स्वतःला स्वातंत्र्य नव्हते, त्या देशाच्या पोरांनी दुसऱ्यांचे राज्य राखायला रक्त सांडले. १९१९ च्या एप्रिलमध्ये, लढाई थांबून सहा महिनेही झाले नव्हते, तोच अमृतसरला जालियनवाला बागेत इंग्रजांनी आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या. हे विसरून चालणार नाही.

पण मेलेला माणूस कोणाचा होता? तो इंग्रजांचा नव्हता. तो अपशिंग्याचा होता, पळसगावचा होता. त्याची आई इथलीच. त्याची बायको इथेच विधवा झाली आणि त्याची पोरे इथेच बापाविना वाढली. इंग्रजांचे राज्य १९४७ साली गेले. घर राहिले, गाव राहिले. लढाईचे कौतुक करायचे नसेल तर करू नका. पण माणसाची आठवण ठेवणे म्हणजे लढाईचे कौतुक नव्हे. ज्याला परक्या सरकारने आकड्यात टाकले, त्याला आपणही आकड्यातच ठेवले, तर आपण वेगळे काय केले?

स्वतंत्र भारताने या बाबतीत चांगला पायंडा पाडला. दिल्लीला इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी मेलेल्या जवानांचे ते स्मारक आहे. तिथे गोल भिंती आहेत. भिंतींत दगडी विटा बसवल्या आहेत. एका विटेवर एक नाव. सुरुवातीलाच अशी २५,९४२ नावे लिहिली गेली. सुभेदार असो की साधा शिपाई, विटेचे माप सगळ्यांना एकच. २०२३ साली तर देशभर कितीतरी ग्रामपंचायतींनी आपल्या गावात शिलाफलक लावले आणि त्यांवर देशासाठी प्राण देणाऱ्या गावकऱ्यांची नावे कोरली.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात असा गोटाच नाही जी." नसू द्या. दगडाला पैसा लागतो. नाव लिहायला वही आणि पेन्सिल लागते. तुम्हाला आता लिहिता येते. शंभर वर्षांपूर्वी ज्या आईला मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, तिच्याजवळ जे नव्हते, ते तुमच्याजवळ आहे.

भद्रावतीत दारूगोळ्याची आयुध निर्माणी आहे. आपल्या भागातली कितीतरी माणसे तिथे कामाला गेली. कितीतरी फौजेत आणि पोलिसात गेली. त्यांतली काही परत आली नाहीत. त्यांची नावे गावात कोणाला ठाऊक आहेत? म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. म्हातारे गेले, की ती नावेही जातील.

म्हणून पहिल्याने म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. विचारा, आपल्या गावातून, आपल्या भावकीतून फौजेत कोण गेले होते? कोण परत आले नाही? नुसते लढणारेच विचारू नका. फौजेबरोबर स्वयंपाकी जात, खेचरे हाकणारे जात, जखमींना उचलून आणणारे जात, मजूर जात. तेही मेले. त्यांनाही धरा.

मग घरातली जुनी पेटी उघडायला सांगा. पहिल्या महायुद्धातली पुष्कळ पदके गोल असतात. अशा गोल पदकाच्या बारीक कडेवर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली असते. जो त्या लढाईत मेला, त्याच्या घरी वाटीच्या तोंडाहून मोठी अशी काशाची गोल चकती सरकारने पाठवली होती. तिच्यावर मेलेल्याचे नाव असते, हुद्दा नसतो. अशी चकती भंगारात विकू नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला किंवा मास्तरांना दाखवा. पेन्शनचा जुना कागद, फौजेतून सुटल्याचा दाखला, जुने पत्र, हे सगळे जपून ठेवा. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या कामासाठी चंद्रपूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कागदाचा अर्थ लागला नाही, तर तिथे जाऊन विचारा.

वहीत एका माणसाला एक पान द्या. त्यावर एवढे लिहा:

नाव आणि आडनाव.
आईचे नाव. बापाचे नाव.
गाव आणि टोला.
फौजेत कोणत्या साली गेला.
पलटण कोणती, काम कोणते.
कुठे आणि कोणत्या साली मेला.
मागे घरी कोण राहिले.
ही माहिती कोणी सांगितली.

जे पक्के माहीत आहे, ते पक्के म्हणून लिहा. जे ऐकीव आहे, त्यापुढे 'ऐकीव' असे लिहा. जे माहीत नाही, ती जागा कोरी सोडा. कोरी जागा पुढे कोणी भरील. खोटे लिहिलेले मात्र पुढे कोणाला पुसता येत नाही.

'मागे घरी कोण राहिले' ही ओळ चुकवू नका. शिपाई एका दिवसात मरतो. त्याची बायको पुढे चाळीस वर्षे दुसऱ्याचे शेत निंदते आणि पोरे मोठी करते. तिचे नाव कोणत्याच दगडावर नसते. तुमच्या वहीत ते असू द्या.

वही भरली की ग्रामसभेत मोठ्याने वाचा. एखाद्याचे नाव राहिले असेल, तर त्याच्या घरचे तिथेच उठून सांगतील. मग एक नक्कल शाळेत ठेवा आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. पुढे गावाजवळ पैसा आला आणि दगड बसवायचे ठरले, तर काय कोरायचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.